शून्याच्या खाली

जुलैत मुहर्रकचं आमचं कॉलेज ओस.
पार्किंगमध्ये चार गाड्या, त्यातली एक बंद पडलेली.
तिसऱ्या मजल्यावर एसी इतका
की श्रीजिना शाल पांघरून कोड लिहिते
आणि खिडकीच्या काचेला घाम फुटतो, बाहेरून.

दहा आठवड्यांत आम्हाला
सहावीच्या पोरांना ऋण संख्या शिकवायच्यात.
खेळ असा : एक होडी, एक दोर,
नाकाला चिमटा लावलेला पाणबुड्या.
पाण्याची पातळी म्हणजे शून्य.
शिंपले उणे सातवर, उणे बारावर,
सगळ्यात टपोरा मोती उणे एकोणीसवर,
आणि श्वास मोजून साठ ठोक्यांचा.

याकूबने आधी काढला तो होडीतला माणूस,
दोर ओढणारा. पाणबुड्या नंतर.
त्याचे पणजोबा तेच करायचे, म्हणाला.
पाण्याखाली कधी गेलेच नाहीत.
उभी हयात दुसऱ्याचा श्वास
दोन्ही हातांत धरून उभे.

चौथ्या आठवड्यात अरबी आवृत्ती उघडली
तर उणेचं चिन्ह आकड्याच्या
भलत्याच बाजूला जाऊन बसलेलं.
मी ते ओढून जागेवर आणलं
तर पाणबुड्या बुडायचा सोडून वर चढायला लागला,
दोरासकट, चिमट्यासकट,
ढगांमध्ये शिंपले चाचपत.
हसता हसता श्रीजिनाची शाल गळून पडली.
डॉक्टर बुथैना तेवढ्या हसल्या नाहीत.
दुरुस्त करा, म्हणाल्या,
पण ही एक प्रत ठेवून द्या.

मग याकूबने उचलीचं सांगितलं.
मोसमाआधी नाखवा पैसे द्यायचा, तांदूळ, खजूर.
खातं उणे चाळीसवर उघडायचं,
चार महिने समुद्र उपसून
उणे पन्नासवर बंद व्हायचं,
आणि बाप गेला की मुलाच्या नावावर.
हे खेळात घालायचं? श्रीजिनाने विचारलं,
सहावीच्या मुलांना?
कुणीच बोललं नाही. एसी बोलत राहिला.
मग मीच घातलं. वरच्या कोपऱ्यात, लहान आकड्यांत.

चाचणीला अकरा मुलं आली.
दहा जणांनी पाणबुड्याला गटांगळ्या खायला लावल्या,
ओरडले, भांडले, एकोणीसपर्यंत पोचले.
हेसा नावाची एक मुलगी मात्र
त्याला उणे तीनपर्यंत नेई
आणि ओढून वर घेई. पुन्हा उणे तीन. पुन्हा वर.
तिथे काही नाहीये गं, मी म्हटलं.
माहितेय, ती म्हणाली, पडद्यावरून नजर न काढता,
पण हा वरचा माणूस दमेल ना.
मोती शून्य, बुडालेले शून्य.
आमच्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता.

घरी फोनवर बाबा आत्याला सांगत असतात,
पोरीला काही उणं पडू दिलं नाही हो.
हाच शब्द गेले सात आठवडे
मी आकड्यांच्या आधी लावते आहे.

त्या दिवशी ते न्यायला आले.
सित्राहून थेट, अंगावर कंपनीचा निळा शर्ट,
कॉलरला मिठाची पांढरी रेघ.
सिग्नलला त्यांनी विचारलं,
तुमच्या खेळात माणूस हरला तर?
पुन्हा सुरू होतो, म्हटलं. शून्यापासून.
शून्यापासून?
स्टिअरिंगवर बोटं वाजवत ते थोडं हसले.
नशीबवान आहे, म्हणाले,
आणि सिग्नल सुटला.

रात्री मी एक ओळ बदलली.
सकाळी श्रीजिनाने विचारलं, हे कुणी केलं?
हरलेला पाणबुड्या आता
जिथे होता तिथूनच सुरू होतो,
वरच्या कोपऱ्यातल्या आकड्यासकट.
होडीतला माणूस दोर धरून तसाच उभा.
याकूबने त्याला अजून
चेहरा दिलेला नाही.